सहा दिवसांत हिमशिखर सर कसं करावं

मे महिना आहे भाऊ. जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकलाय, केळीच्या बागा होरपळताहेत आणि तुमच्या मोबाइलवर बर्फाच्या शिखराची जाहिरात येऊन पडलीच असेल. 'अनुभवाची गरज नाही, फक्त जिद्द हवी.' लगेच पैसे भरा. मी आणि माझा भाचा नुकतेच भरून आलोय, म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो.

तयारी फार नको. मेहरूण तलावाला आठवडाभर फेऱ्या मारल्या की भागतं. दिवाळीत नंदुरबारकडच्या अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला जाऊन आला असाल, तर तुम्ही पक्के गिर्यारोहक.

उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जवळपास महिना लागतो म्हणे. रिकामटेकडे लोक! कंपनी तेच अर्ध्या तासात शिकवते. आमचा तो अर्धा तासही पोह्यांत गेला. त्यामुळे घसरल्यावर आइस अ‍ॅक्स बर्फात रोवून स्वतःला कसं थांबवायचं, हे काही कळलं नाही. फोटोत ती खांद्यावर कशी धरायची, हे मात्र नीट समजावलं.

क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, भाड्याचे घ्या. बुटाचा तळ मऊ असला तर ते चालता चालता निघून येतात. हरकत नाही, पुन्हा बांधायचे.

आता मुख्य गोष्ट. उंची मोजू नका, रजा मोजा. आमचं मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर ५,२८९ मीटर, आपलं जळगाव जेमतेम दोनशे मीटरवर. रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी मनाली. त्याच दुपारी धुंदीहून चालत बकरथाच, म्हणजे ३,३०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी लेडी लेगचा तळ, सुमारे ३,८००. आणि त्याच रात्री एक वाजता शिखराकडे कूच. छापील वेळापत्रकात मध्ये एक दिवस विश्रांती होती. 'हवामान बिघडतंय सर' म्हणून ती कापली. आभाळ कसं लख्ख होतं! पुढची तुकडी खाली येऊन बसली होती आणि तंबू तेवढेच होते, एवढंच काय ते बिघडलं होतं. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, आणि आपल्या साहेबाने तर सहाच दिवसांची रजा दिलेली!

रात्री आठला भाच्याचं डोकं ठणकायला लागलं. 'पाणी प्या सर.' उलटी झाली. 'लसणाचं सूप प्या सर, सगळ्यांनाच होतं.' ऑक्सिमीटर मागितला. ऑक्सिमीटर होता, सेल नव्हते. अकराला पोरगा लघवीला बाहेर पडला तो झोकांड्या खात. थेंबभर न पिणारा पोरगा. गाइड म्हणाला, 'उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी देतो, सकाळी बघू.'

सकाळी काय बघणार होतास रे? डोकं दुखतंय, उलटी होतेय, तोल जातोय, म्हणजे मेंदूला सूज येत असू शकते. गोळ्या द्यायच्या, पण त्याच रात्री खाली उतरवत असतानाच. सूप पाजत बसायचं नाही. चौदा माणसांमागे तू एकटा, जाहिरातीत लिहिलं होतं चौघांमागे एक. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात त्याच उत्तरकाशीच्या संस्थेतले शिकाऊ आणि प्रशिक्षकही गेले. महिना-महिना शिकणाऱ्यांवर डोंगराने दया केली नाही, तुझ्या पोह्यांवर करणार होता?

आणि आपण तरी कोण शहाणे! दुसऱ्या एकाने आठ दिवस सांगितले होते, हजार रुपये जास्त होते, म्हणून मीच हा सहा दिवसांचा घेतला. घरी बहिणीला सांगितलं, 'अगं, सगळं सोबत असतं त्यांच्या.'

भाच्याला खाली आणलं ते स्वयंपाकाच्या तंबूतल्या पोराने. एकोणीस-वीसचा असेल. गाइड झोपायला गेल्यावर हळूच म्हणाला, 'इसको नीचे ले चलो मामाजी.' चार तास दोघांच्या खांद्यावर धरून बकरथाचला पोहोचलो, तांबडं फुटता फुटता भाच्याने चहा मागितला. तेव्हा उजेडात त्या पोराच्या पायाकडे लक्ष गेलं. रबरी गमबूट, डाव्याला चिकटपट्टी. आमच्या बुटांचं भाडं घेतलं होतं कंपनीने, दिवसाला अडीचशे.