पांढऱ्या पेशींचं ‘जाळं’ आणि काढ्याचा मेसेज : खुलासा

‘पांढऱ्या पेशी जंतूंवर जाळं टाकतात. गुळवेलीचा काढा घ्या, जाळं वाढवा; रिपोर्टमध्ये पेशी १५,००० झाल्या की ताकद वाढली समजा,’ असा मेसेज बीड-लातूरकडच्या ग्रुपवर फिरतोय. जाळ्याची गोष्ट खरी आहे, पुढचं सगळं चूक.

हे काम मुख्यतः न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये ते दाखवलं. पेशीतली एन्झाइमं हिस्टोन प्रथिनांत (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो) बदल करतात, घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल होतो, केंद्रकाचं आवरण विरतं आणि साधारण २ ते ४ तासांत पेशी फुटून डीएनएचे धागे बाहेर येतात; हेच ते जाळं. म्हणजे बहुतेकदा जाळं टाकणारी पेशी स्वतःच मरते. धाग्यांना इलॅस्टेज, मायलोपेरॉक्सिडेज ही जंतूंना मारणारी एन्झाइमं चिकटलेली असतात. जंतू अडकतात, पण सगळेच मरत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तर डीएनए कापणारं एन्झाइम सोडून निसटतो!

जाळी जास्त झाली की रक्तात गुठळ्या होतात, फुप्फुसाला इजा होते. मधुमेहात ती जास्त बनतात आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून ऊसतोडीत कोयता लागलेल्या मधुमेही माणसानं काढ्यावर बसू नये. जखम वाहत्या पाण्यानं धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं, साखर तपासावी.

राहिला रिपोर्ट. सीबीसीत (रक्तपेशी मोजायच्या तपासणीत) जाळं मोजतच नाहीत. प्रौढांत साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ठीक. १५,००० म्हणजे बहुधा संसर्ग किंवा स्टेरॉइडचा परिणाम, तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा.