पाच वर्षांचा बूस्टर मी तीन महिने का लांबवला

लेकीचा पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवरच्या लशीचा) बूस्टर मी तीन महिने लांबवला. आशाताई दोनदा दारात येऊन गेल्या, तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला. दर वेळी मी सर्दी आहे, गावाला चाललोय, असं काहीतरी सांगितलं. खरं कारण सांगितलं की माणसं एकतर "अगं, काही होत नाही" म्हणतात, नाहीतर "मग देऊच नकोस" म्हणतात. दोन्हीतून माझ्या हाती काही लागत नव्हतं. माझ्यासारख्या अडकलेल्या आया बऱ्याच असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

ती सतरा महिन्यांची असताना पहिला बूस्टर झाला. दुपारी मांडीत लस दिली. संध्याकाळपर्यंत मांडी टम्म सुजली, हात लावू देईना. रात्री दहाला ताप १०३. साडेअकराच्या सुमारास तिचे डोळे वर गेले, दात खिळले, हातपाय ताठ झाले आणि झटके सुरू झाले. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, ह्यांनी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. दोन्ही करायचं नसतं, हे आम्हाला नंतर कळलं. मूल कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर तडक दवाखाना. झटका दोनेक मिनिटांत थांबला. मला मात्र ती दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत.

रात्री ज्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की तापातली आकडी आहे, घरी न्या. हे बरोबरच होतं. पण मी म्हटलं, आज दुपारीच लस दिलीय. तर उत्तर आलं, "लशीचा काही संबंध नाही." कागदावर लशीचा उल्लेखही केला नाही. माझ्या मनात लशीबद्दल जी शंका बसली, ती झटक्याने बसली नाही, या वाक्याने बसली. दुपारी लस, रात्री ताप, तापात झटका. संबंध नाही म्हणता, म्हणजे माझ्यापासून काहीतरी लपवताय, असंच मला वाटलं.

संबंध होता. हे मला चार वर्षांनी दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वीस मिनिटं बसवून सांगितलं, आणि गंमत वाटेल, पण "संबंध होता" हे ऐकल्यावर माझी भीती निम्मी झाली.

आपल्या सरकारी डीपीटीत घटसर्प आणि धनुर्वाताच्या भागात जंतूंचं निर्विष केलेलं विष असतं. डांग्या खोकल्याच्या भागात मात्र मारलेला अख्खा जंतू असतो. त्या अख्ख्या जंतूमुळे ताप जास्त येतो, सूज जास्त येते, आणि ज्या मुलांचा मेंदू तापाला लवकर झटका देतो त्यांना कधीतरी आकडी येते. अशी मुलं थोडीथोडकी नाहीत: सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कसल्या ना कसल्या तापात झटका येऊन जातो. १९८१ साली लॉस एंजेलिसमधली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत डीपीटीच्या १५,७५२ डोसांनंतर ९ मुलांना झटका आला होता, म्हणजे साधारण १,७५० डोसांत एक. कायमची इजा त्यांच्यापैकी कुणालाही आढळली नाही. माझी लेक त्या १,७५० मधली एक. हे मला कुणीतरी त्याच रात्री सांगायला हवं होतं.

मग मेंदूला इजा होते ही भीती आली कुठून? तीही मी शोधली, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराचं मूळ तिथेच आहे. १९७४ साली लंडनच्या एका मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डीपीटीनंतर मेंदूचा आजार झालेल्या ३६ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे तेच. ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३० च्या घरात आलं. मग १९७७ ते १९७९ च्या साथीत एक लाखाहून जास्त जणांना डांग्या खोकला झाला. जपानमध्ये लशीनंतर दोन बाळं दगावली म्हणून १९७५ साली लस थांबवली. पुढे ती पुन्हा सुरू झाली, पण लोकांचा विश्वास परत आला नाही. १९७९ साली तिथे १३,००० हून जास्त जणांना डांग्या खोकला झाला आणि ४१ जण गेले.

त्या आईबापांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी लशीनंतर मूल आजारी पडताना पाहिलं होतं. पण २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बेर्कोविक यांच्या गटाने लशीमुळे मेंदू गेला असं मानल्या गेलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. ११ जणांत एकाच जनुकात दोष सापडला, ज्यामुळे लहानपणी तापात झटके सुरू होतात आणि पुढे गंभीर अपस्मार होतो. लशीचा ताप हा त्यांचा पहिला ताप ठरला असेल, पण आजार ते जन्मतःच घेऊन आले होते. हे वाचून मला रडू आलं. त्या आयांनी तीस-तीस वर्षं स्वतःला दोष दिला असणार, की मी नेलं म्हणून झालं.

आता दुसरी बाजू. आमच्या घरात घटसर्प पाहिलेलं एकच माणूस आहे, सासूबाई. त्या नऊ वर्षांच्या असताना खटाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांचा धाकटा भाऊ गेला. घशात राखाडी पापुद्रा आला, मान बैलासारखी सुजली, चौथ्या दिवशी श्वास अडकून गेला. देशात डीपीटी सरकारी लसीकरणात आली १९७८ साली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. सासूबाई हे कधी आपणहून बोलल्या नव्हत्या. मी तारीख पुढे ढकलतेय हे लक्षात आल्यावर एके रात्री भांडी आवरताना एवढंच सांगून झोपायला गेल्या.

जुनी गोष्ट म्हणावी, तर सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीतल्या एकाच रुग्णालयात घटसर्पाने वीसहून जास्त मुलं गेली. बहुतेकांचं लसीकरण झालेलं नव्हतं. त्यावर जे औषध लागतं ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, सहज मिळत नाही, आणि विष एकदा हृदयापर्यंत पोचलं की ते दिलं तरी फार उपयोग होत नाही. बाळपणीच्या तीन डोसांची ताकद शाळेत जायच्या वयापर्यंत ओसरायला लागते, बूस्टर त्यासाठीच आहे. आणि धनुर्वाताचं तर आणखी वेगळं. तो माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून होतो. वर्गातल्या सगळ्या मुलांनी लस घेतली तरी माझ्या मुलीच्या गुडघ्याला झालेल्या जखमेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तरीही माझा निर्णय शेवटी ठरला तो धाकट्या जावेच्या महिन्याच्या बाळामुळे. त्याची डांग्या खोकल्याची पहिली लस ते दीड महिन्याचं झाल्यावर होणार होती. डांग्या खोकला मोठ्या पोराला महिना-दोन महिने खोकवतो, पण तान्ह्या बाळाचा श्वासच थांबवतो. आणि माझी लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी त्या बाळाच्या तोंडाला तोंड लावते.

द्यायचं ठरलं. मग प्रश्न आला कोणती. खासगीत मिळते तिला सगळे "पेनलेस" म्हणतात. तिच्यात अख्खा जंतू नसतो, त्याची दोन ते पाच प्रथिनं वेगळी काढून घातलेली असतात, म्हणून ताप कमी. पण किंमत नुसती पैशांत मोजायची नाही, तिचं संरक्षण लवकर ओसरतं. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं हीच लस दिली जात होती. २०१० साली तिथे ९,००० हून जास्त लोकांना डांग्या खोकला झाला आणि दहा बाळं गेली. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ साली पहिल्या तीन डोसांसाठी अख्ख्या जंतूच्या लशीलाच पसंती दिली होती. "महागातली म्हणजे चांगली" या समजुतीवर काउंटरवर पैसे भरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

मी स्वतः खासगीतलीच घेतली, पण आधी झटका येऊन गेला म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यांनी हेही सांगितलं की आधीची तापातली आकडी म्हणजे डीपीटीला कायमची मनाई नव्हे. लशीनंतर आठवड्याच्या आत मेंदूचा गंभीर आजार झाला असेल किंवा जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आली असेल, तर मनाई. तसं काही नव्हतं. शिवाय सात वर्षांनंतर डीपीटी देत नाहीत, डांग्या खोकल्याचा भाग नसलेली टीडी देतात. म्हणजे लांबवत बसायलाही हद्द होती.

त्या बाईंनी आणखी एक काम केलं. लस द्यायच्या आधीच म्हणाल्या, "या लशीच्या पाचव्या डोसाला काही मुलांचा अख्खा दंड सुजतो. खांद्यापासून कोपरापर्यंत लाल होईल. बघून घाबरू नका, चार-पाच दिवसांत उतरतं. तापाचं औषध वजनावर लिहून देते. त्याने बरं वाटेल, पण झटका टळेलच असं सांगणार नाही."

असं आधी सांगितलं नाही की काय होतं, ते आपण पाहिलंय. मे २०२४ मध्ये कोविशील्ड या कोविडच्या लशीच्या दुष्परिणामांच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या सोसायटीत लोक असे हादरले होते, जणू आज काहीतरी उघडकीला आलंय. फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे २०२१ सालीच माहीत होतं, लशीच्या माहितीपत्रकातही होतं. पण दंड पुढे करताना आपल्यातल्या कितीजणांना ते कुणी तोंडाने सांगितलं?

दुसऱ्या दिवशी लेकीचा दंड खरंच खांद्यापासून कोपरापर्यंत सुजला. ताप १०० च्या वर गेला नाही. मी रात्रभर उशाशी बसले होते, हातात घड्याळ घेऊन, पण घाबरून नाही. पाचव्या दिवशी ती शाळेत गेली. कार्डावर तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर आणि "दंडाला सूज, झटका नाही" हे मी समोर उभं राहून लिहून घेतलं. सतरा महिन्यांच्या रकान्यापुढे जुना झटकाही लिहायला लावला.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याचाही बूस्टर राहिलाय, कारण माझ्या लेकीचं ऐकून त्याही घाबरल्या होत्या. त्याला याआधी कधी काही त्रास झालेला नाही, त्यामुळे सरकारी, फुकटातली, अख्ख्या जंतूची लसच त्याला योग्य आहे, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ताप येईल, दंड दुखेल, हेही सांगितलं. येत्या बुधवारी उपकेंद्रात लसीकरण आहे. मी सोबत जाणार आहे.