बालगृह नको, आणि रात्री दहापर्यंत चालणारा कटर चालतो?

आमच्या गल्लीत गुरुजींचं घर गेली काही वर्षं बंद पडून आहे. मुलं पुण्याला, गुरुजी गेले, त्यांच्या बाईंनी ते एका संस्थेला भाड्यानं द्यायचं ठरवलं. दहा-बारा मुलींचं बालगृह. संस्थेनं रीतसर वापरबदलाचा, म्हणजे राहत्या घरात बालगृह चालवायच्या परवानगीचा, अर्ज केला आणि लगेच गल्लीभर विरोधात सह्यांची मोहीम. निवासी भाग आहे, वर्दळ वाढेल, ड्रेनेजवर ताण येईल, पार्किंगला जागा नाही. पार्किंग कुणाला लागणार आहे? चौथीतल्या मुलींना?

याच गल्लीत तळमजल्यावर फॅब्रिकेशनचं दुकान आहे. रात्री दहापर्यंत कटर चालतो, ठिणग्या रस्त्यावर येतात, सायकलवरची पोरं अंग चोरून पलीकडून जातात. मागं मंगल कार्यालय. लग्नसराईत पंगतीचं खरकटं सरळ गटारात आणि दुसऱ्या दिवशी वास आमच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या वापरबदलाचा कागद कुणी मागितला? कुणीच नाही. "पोटापाण्याचं हाय की ओ, जाऊ दे," म्हणून सगळे गप्प. मलाही कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही. पण मग निवासी भागाचा नियम फक्त आईबाप नसलेल्या पोरींनाच का लावता?

आणि नियमच बोलायचे तर बोलू. बालन्याय कायदा २०१५ चा आहे. कलम ४१ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय असं गृह चालवता येत नाही, चालवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान लाखाचा दंड किंवा दोन्ही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत झोपायला प्रत्येक मुलामागं ४० चौरस फूट धरलेत, दहा मुलांमागं किमान एक न्हाणीघर. मुलीला कुठं ठेवायचं ते ठरवणारी बाल कल्याण समिती आहे, तपासणी समिती आहे. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या घराची एवढी झडती होते? गुरुजींच्या घरात वर दोन लांब खोल्या आहेत, मागच्या अंगाला पडवी, परसात चिक्कू. विहिरीवर लोखंडी जाळी आधीपासूनच आहे, गुरुजींनी नातवंडांसाठी बसवलेली. याहून चांगली जागा आमच्या गावात कुठं आहे ते सह्या करणाऱ्यांनी दाखवावं.

आमचं गाव सीमाभागातलं. अर्ज जिथं केला त्या सरकारी कार्यालयाची नोटीस गुरुजींच्या फाटकावर लागली ती फक्त कन्नडमध्ये. अर्ध्या गल्लीला ती वाचताच आली नाही. मग कुणीतरी उठवलं की रिमांड होम येतंय, रोज पोलिसांची गाडी येणार. पंचांच्या बैठकीत तेच चाललं होतं. मी उभी राहून सांगितलं की गुन्ह्याच्या आरोपातल्या मुलांना ठेवतात ते निरीक्षणगृह, ते वेगळं. इथं येणार त्या आईबाप गेलेल्या, घरातून टाकलेल्या, सांभाळायला कुणी नसलेल्या मुली. तर ज्यांच्या हातचं जेवून मी लहानाची मोठी झाले त्या काकू म्हणाल्या, "तुला काय कळतंय गे, कुठल्या कुठल्या पोरी, त्यांचं वळण आमच्या पोरींना लागलं तर?"

वळण! ऊसतोडीच्या टोळीमागं फिरताना आई दगावली, बाप दारूत बुडाला, त्या सात वर्षांच्या पोरीनं कुणाला काय वळण लावायचं? काकू, कोरोनात आपल्याच वरच्या आळीतली दोन लेकरं उघडी पडली तेव्हा तुम्हीच डोळ्याला पदर लावला होता. ती लेकरं आज मामाकडं आहेत म्हणून आपली. मामा नसता तर तीही कुठल्या कुठल्या झाली असती का?

कायदाच म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मला ते पूर्ण पटतं. पण त्या शेवटच्या उपायालाही जवळपास जागा नसली की मुलीला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात. इथं मराठी शाळेत तिसरीला असलेली पोर तिकडं कन्नड शाळेत जाऊन बसते, फळ्यावरचं एक अक्षर लागत नाही. भेटायला येणारी एखादी आजी असेल तर तिचं येणंही तुटतं, तेवढं एसटीभाडं आणणार कुठून? आणि आपण सीमाभागातले लोक मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढतो. आपल्या शाळेचा पट घसरलाय, शाळेतल्या बाई दर जूनला घरोघर फिरून मुलं गोळा करतात. दहा-बारा मुली चालत शाळेत जायला तयार आहेत, आणि त्यांच्याच विरोधात शाळा सुधारणा समितीतल्या लोकांच्या सह्या आहेत. मी नावं वाचलीत. मला राग आवरत नाही.

ज्या साहेबांकडं फाईल आहे ते नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. "हरकती आल्यात, बघू." अहो, हरकत कायद्यात बसते की नाही ते तपासणं हेच तुमचं काम आहे. ड्रेनेजचा प्रश्न असेल तर माणूस पाठवून पाहणी करा. 'वळण लागेल' ही हरकत असेल तर ती फेटाळा आणि फेटाळली असं लिहून द्या.

आता पंचांनी तडजोड काढलीय. कंपाउंड उंच करा, वर काटेरी तार ओढा आणि मुलींची यादी जातीसकट पंचांच्या कमिटीकडं द्या. त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलंय की अशी जागा तुरुंगासारखी दिसता कामा नये. आणि यादी कशाला हवी? कलम ७४ प्रमाणे या मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी घर बघायला आलेल्या मुलींचा फोटो कुणीतरी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. धाकटी गुरुजींच्या घराच्या पायरीवर बसून चप्पल काढतेय, चेहरा स्पष्ट. खाली लिहिलंय, 'ह्या येणार'.

तो फोटो अजून तिथंच आहे. अ‍ॅडमिननं तो आज रात्रीच्या आत काढावा. नाही काढला तर उद्या सकाळी बाल कल्याण समितीकडं तक्रार जाईल, आणि ती माझ्या नावानं जाईल.