स्ट्रिंग कुठे संपते हो?

स्वतःची छोटीशी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवायची हौस आली मला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मला तीन वीकेंड पडले, तेही नुसत्या अवतरणचिन्हांपायी, म्हणजे स्ट्रिंग (कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर) कुठे संपते हे ठरवण्यापायी.

बेरीज, लूप, फंक्शन सगळं बिनबोभाट झालं. मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर स्ट्रिंग तिथे संपू नये म्हणून त्याच्या आधी बॅकस्लॅश (\) लावतात, आणि बॅकस्लॅशच हवा असेल तर त्याच्याही आधी आणखी एक. मग ठरवलं, हा बॅकस्लॅशचा जाच आपल्याकडे नको. जावात रेजेक्सने (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) एक साधा बॅकस्लॅश शोधायचा तर चार लिहावे लागतात, एकाला आणायला चौघं! पर्लमध्ये कसं, क्यू लिहून पुढे आवडेल तो कंस उघडायचा, तो बंद होईपर्यंत सगळी स्ट्रिंग. मी तेच उचललं, फक्त क्यूच्या जागी % ठेवला, दिसायला बरा म्हणून.

आता % म्हणजे भागाकाराची बाकीसुद्धा असते हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण उत्साहात राहून गेलं. क %(ख) ही बाकी की स्ट्रिंग? रूबीतही हीच भानगड आहे आणि तिथे आजूबाजूची स्पेस वगैरे बघून अंदाज बांधतात हे कळल्यावर जरा धीर आला, मीही स्पेस बघायला लागलो.

मग कंस मोजायचे. उघडला की एक वाढवा, मिटला की एक कमी करा, शून्य झालं की स्ट्रिंग संपली. मी खूश. मित्राला दिलं वापरायला, त्या बाबाने पहिलीच ओळ टाईप केली:

%(आज लवकर निघतो :) बाय)

स्मायलीने माझी स्ट्रिंग बंद केली आणि वर एरर, की 'बाय' नावाचं व्हेरिएबल सापडत नाही.

"अरे, तुझ्या लँग्वेजला हसलेलं चालत नाही," मित्र म्हणाला, आणि लगेच मुद्दाम तिसऱ्या ओळीत :( टाकून बघितला. रडक्याने कंस उघडला तो मिटलाच नाही, स्ट्रिंग थेट फाईलच्या शेवटापर्यंत गेली आणि एरर आला 412व्या ओळीवर, जिथे काहीही चूक नव्हती, म्हणजे काहीच नव्हतं.

खरं सांगू, सगळ्यात प्रामाणिक जुनं फोरट्रान. अक्षरं मोजून आकडा आधीच लिहायचा, शेवट शोधायची गरजच नाही. मोजायला चुकलात तर तुमचं तुम्ही बघा.

शेवटी सी प्लस प्लस 11चा मार्ग धरला: समाप्तीचा शब्द ज्याचा त्याने ठरवायचा, त्यांच्याकडे सोळा अक्षरांपर्यंत चालतो, मीही सोळाच ठेवली. चाललं! बॅकस्लॅश कायमचा हद्दपार.

मग टेस्ट लिहायला बसलो. टेस्ट अर्थातच दुसऱ्या लँग्वेजमध्ये. तिथल्या स्ट्रिंगच्या आत जेसॉन (डेटा लिहायची पद्धत, तिथेही मजकूर अवतरणचिन्हांतच आणि बॅकस्लॅश तसाच), त्या जेसॉनच्या आत आणखी एक जेसॉन, आणि त्याच्या आत माझा कोड, ज्यात एक साधं " होतं. ते असं लिहावं लागलं: \\\\\\\"

सात आहेत. दोनदा मोजले.