आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर शून्य असतं हो, शून्य!

कोथरूडच्या एका सोसायटीची मेंटेनन्सची नवी नोटीस आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. खाते क्रमांक ठळक, खाली दोन रेघा, शेवटी 'आदेशावरून'. आणि आयएफएससीत, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवताना बँकेची शाखा ओळखणाऱ्या कोडमध्ये, पाचव्या जागी ओ. 'ओ फॉर ऑरेंज'मधला ओ!

अहो, अकरा अक्षरांचा तर कोड. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मधलं एक शून्य. देशातल्या कुठल्याही शाखेचा कोड काढा, तिथे शून्यच सापडेल. रिझर्व्ह बँकेनं ती जागा पुढच्या वापरासाठी राखून ठेवलीय, सेक्रेटरींच्या हौसेसाठी नाही. नोटिशीतला कोड कॉपी-पेस्ट केला की अ‍ॅप 'अवैध' म्हणतं. मग सभासद आपल्या मनानं यादीतून शाखा निवडतात, त्यात बँकच चुकली तर पैसे परत येतात, आणि कमिटी २१ टक्के व्याज लावायला मोकळी. उपविधीतली २१ टक्क्यांची कमाल मर्यादा बरी तोंडपाठ असते!

त्याच नोटिशीत 'स्विफ्ट कोड'सुद्धा दिलाय. तो परदेशी व्यवहारांचा; कोथरूडमधून कोथरूडमध्ये पैसे पाठवायला स्विफ्ट! शिवाय एमआयसीआर, म्हणजे चेकवरचा शाखेचा कोड, म्हणून सहाच आकडे. तो त्या एका चेकचा नंबर आहे, महाराज. चेकच्या खालच्या पट्टीत आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर: पुण्याचे ४११, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. आणि एनईएफटीला, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात ऑनलाइन पैसे पाठवायला, एमआयसीआर लागतही नाही.

एका शून्यावरून एवढं रक्त आटवणारी माणसं पुण्यातच निपजायची, मान्य. पण विषय निघालाच आहे तर ऐका.

सिंडिकेट बँक कॅनरात गेली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे जुने कोड बंद झाले. देना आणि विजयाचे तर त्याच वर्षी १ मार्चला. तरी बिलबुकं संपेपर्यंत जुनेच कोड छापलेले! अ‍ॅक्सिसचा कोड यूटीआयबीनं सुरू होतो, बँकेच्या जुन्या नावावरून. तो 'दुरुस्त' करून देणारे विद्वानही आहेत. छोट्या सहकारी बँकांचा कोड कधीकधी दुसऱ्याच मोठ्या बँकेच्या नावानं सुरू होतो, कारण त्या तिच्यामार्फत व्यवहार करतात. तिथेही हात लावू नका.

आणि 'नाव तर बरोबर टाकलं होतं' हे रडगाणं बंद करा. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नाव जुळवून नाही. तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला की गेले पैसे त्याच्याकडे. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायची होती. ते दिसतं तेव्हा वाचा की! ओके दाबायची कसली घाई?

'रविवार होता ना' हेही आता चालत नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, दर अर्ध्या तासाला एक बॅच. जमा होऊ शकले नाहीत तर बॅच निकाली निघाल्यापासून दोन तासांत परत यायला हवेत. आलेच नाहीत तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, घेऊन आपल्याच बँकेला धरायचं. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी, मोठ्या रकमांच्या आरटीजीएसचा बावीस. तो मागितला की लोक स्क्रीनशॉट पाठवतात, आणि त्यात नेमकी तीच ओळ कापलेली!