सगळं वयावरच ढकलता का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी : वडील 74 वर्षांचे, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने आतल्या कानात बसवलेलं, श्रवणनसेला विजेचे संकेत देणारं यंत्र) बसवून दोन वर्षं झाली. क्लिनिकमध्ये वाक्यं बिनचूक म्हणून दाखवतात, पण नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या लग्नात त्यांना कुणाचं काही कळलं नाही. "वयाचा परिणाम" हे हात झटकण्याचं निमित्त आहे आणि उतारवयात इम्प्लांट असूनही गोंगाटात कमी कळतं, या आमच्या लेखात आम्ही तेच पुढे रेटलं, असं तुमचं म्हणणं.

परिणाम खरा आहे. फक्त तो नेमका कुठे होतो ते बघा. निरोगी कानात साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या केसपेशी (आवाज टिपून नसेकडे पोचवणाऱ्या पेशी) असतात. इम्प्लांटमध्ये कंपनीनुसार 12 ते 22 इलेक्ट्रोड (नसेला वीज देणारे बिंदू), आणि त्यांचे प्रवाहही एकमेकांत मिसळतात. स्वराचे बारकावे त्यातच हरवतात. मग माणसाची भिस्त उरते ती वेळेवर : आवाज कधी सुरू झाला, किती टिकला, मध्ये किती खंड पडला. उतारवयात मंदावते ती नेमकी हीच जाण, आणि तीही कान शाबूत असलेल्यांचीसुद्धा. निमाणी स्टँडला बसमध्ये कानावर पडणारे 'पाच' आणि 'पास' घ्या. 'पाच'मधल्या 'च'च्या आधी सेकंदाच्या काही शतांशांची शांतता असते. ती निसटली की 'पाच'चा 'पास' होतो. कंडक्टर घाईत असला की ती शांतता आणखी आक्रसते. चुकलेला शब्द अंदाजाने जुळवेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

क्लिनिकच्या खोलीत यातलं काहीच नसतं. एकच आवाज, संथ वाक्य, शांतता. तिथले चांगले गुण आणि मंगल कार्यालयातली फजिती, दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरे असू शकतात. म्हणून गोंगाटातली चाचणी वेगळी मागून घ्या.

आता तुमच्या रागातला रास्त भाग. वय वर्षानुवर्षं हळूहळू काम करतं. महिन्याभरात ऐकणं घसरलं असेल तर ते वय नव्हे, आधी यंत्र तपासायचं. मायक्रोफोनचं कव्हर घामाने, धुळीने बुजतं. ते साधारण तीन महिन्यांनी बदलावं लागतं, आणि पावसाळ्यात प्रोसेसर (कानामागे लावायचं बाहेरचं यंत्र) रोज रात्री ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या डबीत हवाच. कॉइलची (डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची) वायर वाकवून बघा, आवाज तुटत असेल तर वायर गेली. क्लिनिकमध्ये इम्पीडन्स (इलेक्ट्रोडचा विजेला होणारा विरोध) तपासायला सांगा : एखादा इलेक्ट्रोड बंद पडला असेल तर नवं मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडचा प्रवाह त्या माणसाला जुळवून घेणं) लागतं. मॅपिंगमध्ये प्रवाहाची वरची पातळी जास्त ठेवली असेल तर आवाज मोठा येतो, पण शब्द चिकटतात. काही ज्येष्ठांना उत्तेजनाचा वेग (प्रत्येक इलेक्ट्रोडने नसेला दिलेले विजेचे ठोके) सेकंदाला 900 वरून 500 स्पंदांवर आणल्यावर बरं वाटतं, काहींना ढिम्म फरक पडत नाही. म्हणून तो वेगळ्या प्रोग्रॅममध्ये घेऊन दोन-तीन आठवडे वापरून बघायचा.

मोतीबिंदू आहे का तेही बघा. ओठ दिसेनासे झाले की कळणं घटतं आणि खापर इम्प्लांटवर फुटतं.

घरच्यांनी ओरडू नये. मोठा आवाज प्रोसेसर आपणहून दाबतो आणि ओठांची हालचालही वेडीवाकडी होते. शब्द ताणण्यापेक्षा दोन वाक्यांत थांबा. कार्यालयात त्यांना स्पीकरपासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवा आणि बोलणाऱ्याच्या शर्टाला रिमोट माइक (आवाज थेट प्रोसेसरला पाठवणारा छोटा बिनतारी माइक) लावा. जेवणाच्या पंगतीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

"मग सत्तरीत ऑपरेशन करूच नये ना?" हा तुमचा निष्कर्ष मात्र मान्य नाही. गोंगाटात तरुणांपेक्षा कमी ऐकू येणं आणि ऑपरेशनआधीपेक्षा कमी ऐकू येणं या निराळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठांनाही ऑपरेशननंतर भरपूर फायदा होतो. वयाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व कान किती वर्षं बंद होता याला असतं. म्हणजे थांबत बसण्यात तोटाच.

पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे डेटा लॉगिंगमधले (प्रोसेसरने स्वतः ठेवलेल्या वापराच्या नोंदीतले) रोजचे तास विचारा. अनेक आजोबा घरी गोंगाट नको म्हणून प्रोसेसर काढून ठेवतात आणि तो थेट लग्नातच चढवतात. तास आठच्या खाली असतील तर मॅपिंगला हात लावण्याआधी ते वाढवा.