कच्छच्या किनाऱ्यावर गाडी बुडवायचीय? या, बसा, सांगतो

मंडळी, तुमच्याकडे एक गाडी आहे, चार मित्र आहेत आणि अंगात किडा आहे, तर वाळवंटी किनाऱ्यावर ऑफरोड कॅम्पिंगला तुम्ही गेलंच पाहिजे. काशीद झालं, अलिबाग झालं, मुरुडची तर कुत्रीपण आता आपल्याला ओळखतात. आता कच्छ. एका बाजूला रण, एका बाजूला समुद्र, मध्ये तुम्ही आणि तुमचा ब्लूटूथ स्पीकर. मी नुकताच जाऊन आलोय, कंबरभर खाऱ्या पाण्यात उभा राहून आलोय, जीन्सच्या खिशातून अजून वाळू निघतेय, त्यामुळे सल्ले द्यायचा अधिकार मला आहे आणि तो मी वापरणार.

सगळ्यात आधी ग्रुपला एक म्होरक्या लागतो. पात्रता साधी आहे, त्याने ऑफरोडिंगचे निदान 300 व्हिडिओ पाहिलेले पाहिजेत आणि स्वतःची गाडी आरेच्या खड्ड्यांपलीकडे कुठे घातलेली नको. (तसं बघायला गेलं तर मुंबईत रोज गाडी चालवणारा प्रत्येक जण ऑफरोडरच, पण ते जाऊ दे.) आमच्या म्होरक्याकडे खरी फोर बाय फोर होती, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना. दुसरी गाडी डोंबिवलीकरची, तिला फोर बाय फोरचा फक्त चेहरा आहे, ताकद बिचारीची पुढच्या दोन चाकांपुरती. पण छपरावर कॅरिअर, बाजूला डोंगराचे स्टिकर. स्टिकरने गाडी वाळूतून निघते असा त्याचा प्रामाणिक समज आहे आणि मी त्याच गाडीत होतो.

निघायची वेळ पहाटे 4 ची ठरवा, म्हणजे साडेसातला निघता. घोडबंदर. पुढे लिहीत नाही.

मुंबई ते मांडवी 900 किलोमीटरच्या आसपास आहे, ते एका दमात मारायचं. अहमदाबादला थांबून झोपणारे लोक कमकुवत असतात. सामखियाळीच्या पुढे ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले की खिडकी उघडायची आणि जोरात गाणी लावायची, मीठ भरलेले ट्रेलर समोरून येतच असतात, तेच जागं ठेवतात.

दारूचं सांगतो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. गंमत म्हणजे तिकडचा कायदा मूळचा आपलाच, 1949 चा, मुंबई राज्याचा. बाहेरून येणाऱ्यांना रीतसर परमिट मिळतं, पण रीतसर काही केलं तर ट्रिपला मजा काय? तेव्हा बाटल्या स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळायच्या, तलासरी गेली की सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, आणि पुढच्या नाक्यावर पोलिसाने काच खाली करायला सांगितली की पार्लेकरने कारण नसताना 'हम लोग फॅमिलीवाले हैं' असं म्हणायचं. दोन गाड्यांत मिळून पाच दाढीवाले.

मांडवीला पोचल्यावर दाबेली खा. दाबेली तिथलीच, जन्मगाव तिचं. खाताना 'आमच्या दादरला यापेक्षा भारी मिळते' हे मालकाला ऐकू जाईल असं म्हणायला विसरू नका.

ड्रोन जरूर न्या. सीमेवरचा जिल्हा आहे, खाकीवाले फार आपुलकीने विचारपूस करतात.

गरम कपडे नकोत. वाळवंट म्हणजे ऊन, असा सरळ हिशोब. डिसेंबरात कच्छातलं नलिया थंडीच्या बातम्यांमध्ये गुजरातेत पहिल्या नंबरावर असतं वगैरे सगळं पेपरवाल्यांचं. वाळू संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि रात्री भराभर गार पडते, वर समुद्राचं दव, पहाटे तंबू आतून ठिबकतो. मुलुंडकर हाफ पँटवर होता, त्याने रात्री गाडीतलं फूटमॅट अंगावर घेतलं. तंबूच्या खुंट्यांचंही तेच, पावभाजीत चमचा उभा करावा तशा त्या वाळूत उभ्या राहतात आणि वारा आला की जातात. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची, मग तंबू हलत नाही. पण हे तिथल्या एका पोराने सांगितलं, आणि पोराचं कोण ऐकतं?

आता मुख्य विषय. टायरमधली हवा आणि समुद्रातलं पाणी.

वाळूत जाताना टायरची हवा कमी करायची असते. रस्त्यावर 33 पीएसआय असेल तर 18 च्या आसपास आणायची, म्हणजे टायर पसरतो, वजन जास्त जागेत वाटलं जातं आणि गाडी वाळूवर चालते, वाळूत घुसत नाही. फुकटचं काम, 10 मिनिटं लागतात. आम्ही केलं नाही. कारण परत हवा भरायला कंप्रेसर लागतो, आणि कंप्रेसर म्होरक्याच्या घरी माळ्यावर होता, डिकीत त्याच्या जागी 6,500 रुपयांची बार्बेक्यूची शेगडी होती.

आणि तारीख. तारीख निवडावी तर म्होरक्यानेच. 'अमावास्येला जाऊ, चंद्र नाही, आकाशगंगा दिसेल.' ठीक आहे, दिसते. पण अमावास्येला अजून एक गोष्ट होते ना रे बाबा, उधाण येतं! माझी आजी श्रीवर्धनची, चौथी पास. तिला भरतीची वेळ विचारली की ती तिथी विचारायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी का? आठ पाऊणे सहा, सहाला भरती. पुनव-आवस का? पंधरा पाऊणे सव्वाअकरा. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अमावास्येला मध्यरात्रीच्या सुमारास समुद्र गळ्याशी येणार हे तिला घरात तांदूळ निवडत बसून कळायचं. आमच्या पाच जणांत तीन इंजिनियर होते. मी त्यातला एक, आणि आजीचं हे गणित मला पाण्यात उभं राहिल्यावर आठवलं, हे पण लिहून ठेवतो.

मध्यरात्री भरती म्हणजे संध्याकाळी 6 ला ओहोटी तळाला. आम्ही पोचलो बरोबर तेव्हा. मांडवीच्या पुढे मुंद्र्याच्या अंगाला एक किनारा, सपाट, नजर पोचेल तिथपर्यंत ओली चकचकीत वाळू, पाणी पार लांब एक रेघ. म्होरक्या म्हणाला, 'काय जागा आहे यार!' जागा होती, समुद्राची होती, तो फक्त बाहेर गेला होता. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की महापालिका इशारे देते, वरळीचे लोक आधी गाड्या हलवतात. कच्छचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे जसजसं आत जाल तसं पाणी अजून चढतं, कांडल्याला तर 6 मीटरच्या वर. दोन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येऊन जातं आणि आम्ही त्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या.

पाण्याच्या रेघेपर्यंत जाऊन रील करायची टूम निघाली, आणि डोंबिवलीकर त्याच्या दोन चाकांच्या ताकदीवर, टायरमध्ये टम्म हवा भरून, म्होरक्याच्या मागे निघाला. ओली वाळू फार फसवी, चालायला सिमेंटसारखी घट्ट, पण दीड टनाची गाडी एका जागी उभी राहिली की खालून पाणी झिरपतं आणि ती हळूहळू बसायला लागते. बसली. आता अशा वेळी काय करायचं? एक्सलरेटर दाबायचा. जोरात. चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःसाठी विहीर खणतं, दोन मिनिटांत गाडी पोटावर. मी म्हटलं आत्ताच खणून काढू. तर म्हणे उजेड मस्त आहे, आधी रील. मग अंधार पडला, मग शेगडी पेटली, मग 'सकाळी काढू रे, पाणी किती लांब आहे बघ.'

पाणी लांब असतंच. भरतीचे सहा तास ते एका चालीने येत नाही, पहिल्या तासात कळतपण नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून अर्धं येऊन जातं. म्हणजे आमचं चिकन शिजेपर्यंत. आणि समोरून येत नाही हो! सपाट किनाऱ्यावर मागे जे खोलगट पट्टे असतात ते आधी भरतात. आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून आकाशगंगा बघत बसलो होतो आणि पाणी पाठीमागून तंबूत आलं. मुलुंडकरला वाटलं बाटली सांडली.

पुढचा सल्ला, दोर. दोर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नायलॉनचा असावा आणि तो टो हूकला न बांधता बंपरला बांधावा. बंपर हे शोभेचं प्लास्टिक असतं हे तो निघून आल्यावर कळतं. तो सटकन सुटून म्होरक्याच्या मागच्या दारावर आदळला, मध्ये अर्ध्या मिनिटापूर्वी पार्लेकर उभा होता. आता यावर विनोद करायला मला जमत नाहीये. मेला असता तो.

आणि ओढता ओढता खरी फोर बाय फोरपण रुतली.

मी आणि पार्लेकर अंधारात वस्तीकडे पळत गेलो, वाटेत वेड्या बाभळीचे काटे चपलेतून वर आले. कुणाचं दार वाजवलं ते माहीत नाही. एक काका बाहेर आले, पन्नाशीचे, ते आमच्याकडे बघून हसले नाहीत, ओरडले नाहीत, पहिला प्रश्न काय, 'अंदर कोई सोया तो नहीं ना?' बस. दोन मुलगे उठवले, ट्रॅक्टर काढला, होडीचा जाड दोर घेतला, फळ्या घेतल्या. तोपर्यंत पाणी गाडीच्या दारापर्यंत. काका गार पाण्यात वाकून, गळ्यापर्यंत भिजून, हाताने चाचपडत गाडीखाली हूक शोधत होते, मुलगे फळ्या सारत होते, आणि आमचा म्होरक्या मोबाईलचा टॉर्च धरून त्यांना सांगत होता, 'भाई, अँगल चेंज करो, मैने व्हिडिओ में देखा है.' मांडवीत रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, इथल्या लोकांचे आजे-पणजे शिडावर झांझिबार, मस्कतला जाऊन यायचे, आणि हा त्यांना अँगल शिकवतोय!

दोन्ही गाड्या निघाल्या. पाऊण तास लागला. काकांनी 2,000 मागितले.

आता शेवटचा सल्ला: घासाघीस करा. मध्यरात्री, थंडीत, समोरचा माणूस कुडकुडतोय, त्याचे दोन पोरगे ओल्या कपड्यांत उभे आहेत, तेव्हा 'बहुत ज्यादा है भाई, फिक्स बोलो' असं म्हणा. सुट्टे नाहीत म्हणा. नेटवर्क नाही म्हणा. 'इतना तो डिझेल भी नहीं लगता' म्हणा, डिझेलचा हिशोब तुम्हालाच ठाऊक. शेवटी 1,200 हातावर ठेवा, आणि ते काही न बोलता गेले की 'बघ, पटवला' असं म्हणून टाळी द्या.

टाळी मागितली म्होरक्याने माझ्याकडे. मी दिली नाही, पण मी तोंडपण उघडलं नाही, खिशात पैसे असून. ते मला अजून टोचतंय.

अरे, 22 लाखांची गाडी तुझी! बार्बेक्यूची शेगडी साडेसहा हजारांची! 800 रुपयांसाठी? मुंबईत क्रेनवाल्याला रात्री बोलावलं असतं तर त्याने काय घेतलं असतं माहितीये ना, आणि तो पाण्यात उतरला असता का? वर आठवड्याने रील टाकलीस, 'सेल्फ रिकव्हरी', ढोल-ताशाचं म्युझिक, ट्रॅक्टर कापून काढलास त्यातून. 2024 च्या जूनमध्ये तिकडेच मुंद्र्याला रीलसाठी दोन गाड्या समुद्रात घातल्या होत्या लोकांनी, पोलीस केस झाली, देशभर बातमी झाली, ती तूच ग्रुपवर टाकली होतीस, खाली हसण्याचे इमोजी लावून. सकाळी वरच्या कोरड्या वाळूत गोल गोल गाडी फिरवलीस त्याचंही सांगतो. त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. वेळासला रांगेत उभं राहून, आवाज न करता, पिल्लं समुद्रात जाताना बघून तुझेच डोळे भरून आले होते ना? ती कोकणातली म्हणून आपली आणि ही परकी? आणि ते प्लास्टिकचे ग्लास, चिकनच्या थाळ्या, 'भरती घेऊन जाईल' म्हणून तिथेच सोडल्यास. भरती घेऊन जात नाही, त्या काकांच्या जाळ्यात नेऊन घालते. मी जमेल तेवढ्या गोळा केल्या, तू हॉर्न वाजवत होतास.

काल हिशोबाच्या अ‍ॅपवर तुझा रिमाइंडर आला, दाबेलीचे 43 रुपये. पाठवलेत. काकांच्या धाकट्या मुलाचा नंबर पार्लेकरने घेतला होता, त्याच्यावर आज राहिलेले 800 टाकले. पाच जणांत 160 येतात. पार्लेकर आणि मुलुंडकरचे आले. डोंबिवलीकर बंपरच्या खर्चातून वर आला की देतो म्हणालाय.

तुझे बाकी आहेत.